भाऊबीज ते दत्तजयंती : गच्चीवरून चंद्राची चाल ओळखायला शिका

पहिल्यांदा चंद्र बघायचं मनावर घेतलं ते कोजागरीला. दूध आटवलं, गच्चीवर बसलो, गोल गरगरीत चंद्र बघितला आणि ठरवलं की आता रोज याच वेळी यायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वहीपेन घेऊन वर गेलो तर चंद्रच नाही! ढग नव्हते, काही नव्हतं. अर्धा तास वाट पाहून खाली आलो आणि वही कपाटात गेली. नवशिके इथेच अडकतात, कारण पौर्णिमा ही सुरुवात करायची जागाच नव्हे. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो आणि आपल्या झोपेच्या वेळेत सरकतो. सुरुवात करावी बिजेला.

त्यातही भाऊबीज उत्तम. पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, आणि घरोघरी तसंही आधी चंद्राला ओवाळून मग भावाला ओवाळतात. म्हणजे चंद्र कुठे आहे हे शोधायला त्या दिवशी घरातलं कोणीतरी बाहेर जाणारच. श्रावण-भाद्रपदात सुरू करू नका, आठवड्यात दोनदाही चंद्र दिसायचा नाही. भाऊबीज हुकली तर कार्तिक ते वैशाख यातली कुठलीही शुद्ध द्वितीया चालेल. फक्त पुढे लिहिलेले तारे आणि नक्षत्रं त्या त्या महिन्याप्रमाणे बदलतील.

काय काय लागेल

एक वही, पेन्सिल, भिंतीवरचं तिथ्या छापलेलं कॅलेंडर आणि तुमचा हात. दुर्बीण लागत नाही. घरात 7x50 किंवा 10x50 ची असेल तर चांगलंच, पण यासाठी विकत आणू नका. टेलिस्कोप तर मुळीच नको. त्यातून चंद्रावरची विवरं सुंदर दिसतात, पण चंद्राची चाल दिसत नाही. चाल दिसते ती उघड्या डोळ्यांनी, रोज एकाच जागी उभं राहिल्यावर.

हात हे आपलं मोजण्याचं साधन. हात पूर्ण लांब करून मूठ वळली की ती आकाशात साधारण 10 अंश झाकते, आणि ताणलेली वीत साधारण 20 अंश. लहान मुलांचा हात लहान असला तरी डोळ्यापासूनचं अंतरही तेवढंच कमी असतं, त्यामुळे हिशेब बिघडत नाही.

पहिली पायरी : बिजेची कोर

सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, म्हणजे दिवाळीच्या दिवसांत साडेसहाच्या सुमारास, पश्चिम क्षितिज मोकळं दिसेल अशा जागी उभे राहा. सूर्य जिथे बुडाला तिथून थोडं डावीकडे आणि थोडं वर नखाच्या कडेएवढी बारीक कोर असेल. लवकर बघा, तासाभरात तीही मावळते.

दोन गोष्टी वहीत टिपा. पहिली, कोरीची फुगीर, उजळ बाजू सूर्य बुडाला त्या दिशेला आहे. हे महिनाभर कधीच चुकत नाही. दुसरी, कोरीच्या आतला उरलेला गोलही अगदी मंद, राखाडी दिसतो. तो प्रकाश आपला. सूर्याचा उजेड पृथ्वीवर पडतो, तिथून परावर्तित होऊन चंद्रावर जातो आणि परत आपल्या डोळ्यांत येतो. त्या वेळी चंद्रावर कोणी उभं असेल तर त्याला आकाशात जवळजवळ पूर्ण गोल पृथ्वी दिसेल.

कोर कशी कललेली आहे त्याचं चित्रही काढा. कार्तिकात ती तिरकी उभी दिसते. हीच कोर फाल्गुन-चैत्रात पाहिलीत तर होडीसारखी आडवी पडलेली असेल. चंद्राचा मार्ग त्या दिवसांत मावळतीच्या क्षितिजाला जवळजवळ काटकोनात असतो, कार्तिकात तो डावीकडे झुकलेला असतो, एवढाच फरक.

दुसरी पायरी : रोज साडेसहा

आता जागा आणि वेळ बदलायची नाही. रोज साडेसहाला त्याच कठड्यापाशी. समोरच्या इमारती, झाडं, टाक्या यांची एक साधी रेघ वहीत एकदाच काढून ठेवा आणि रोज त्यावर चंद्राचा आकार आणि तारीख टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळतं की चंद्र रोज पूर्वेकडे सरकतोय, दिवसाला मूठभर आणि वर थोडं. हिशेब 13 अंशांचा आहे. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो : चंद्र तर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतो, मग पूर्वेकडे कसा सरकला? दोन्ही खरं आहे. एका रात्रीत तो पश्चिमेकडे जाताना दिसतो तो पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे, सगळं आकाशच तसं जातं. रोजच्या ठरलेल्या वेळेला तो पूर्वेकडे गेलेला दिसतो ती त्याची स्वतःची चाल. धावत्या लोकलमध्ये एखादा मागच्या दाराकडे चालत जावा तसं आहे हे. बाहेरून बघणाऱ्याला तो गाडीबरोबर पुढेच चाललेला दिसतो.

ही चाल एका रात्रीतही पकडता येते. चंद्राजवळ एखादा ठळक तारा असेल त्या रात्री दोघांतलं अंतर टिपा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. चंद्र तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. कधी कधी तो ताऱ्यालाच झाकतो, त्याला पिधान म्हणतात. रोहिणीचं पिधान पाहायला मिळालं तर सोडू नका, तारा विझल्यासारखा एका क्षणात नाहीसा होतो.

आणि आता कॅलेंडरकडे बघा. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. अमावास्येला अंतर शून्य, पौर्णिमेला 180, अशा तीस तिथ्या. बिजेला चंद्र सूर्यापासून मूठ-दोन मुठी दूर का होता, आणि अष्टमीला तो बरोबर काटकोनात का येतो, हे आपोआप लागतं. तिथी म्हणजे दिवस नव्हे, अंतर आहे. ते कधी वीसेक तासांत कापलं जातं, कधी सव्वीस, कारण चंद्राची कक्षा थोडी लंबगोल आहे : जवळ असताना (सुमारे 3,63,000 किलोमीटर) तो वेगाने जातो, लांब असताना (सुमारे 4,05,000) रेंगाळतो. म्हणून तर एखाद्या तिथीचा क्षय होतो आणि एखादी दोन दिवस चालते. कॅलेंडर छापणाऱ्यांची ती चूक नसते!

तिसरी पायरी : अष्टमी आणि चेंडू

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या दुपारी चार-साडेचारला चंद्र पूर्व-आग्नेयेकडे वर आलेला असतो आणि सूर्य पश्चिमेकडे तळपत असतो. होय, चंद्र दिवसाही दिसतो, महिन्यातले बरेच दिवस दिसतो, आपण मान वर करत नाही एवढंच. क्रिकेटचा एखादा फिकट रंगाचा चेंडू घ्या, उन्हात उभे राहा आणि हात लांब करून चेंडू चंद्राच्या अगदी शेजारी धरा.

चेंडूवर ऊन अर्ध्या भागावर पडलेलं दिसेल, आणि त्याच्या शेजारी चंद्रही तसाच अर्धा. उजेड-सावलीची रेघ दोन्हींवर एकाच कोनात. शेजारच्या नववीतल्या मुलाला हे दाखवलं तेव्हा तो चेंडू हलवून हलवून बघत राहिला. शाळेतल्या आकृतीत त्याला जे समजलं नव्हतं ते इथे समजलं.

याने एक मोठा गैरसमज एका झटक्यात जातो. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत. चेंडूवर कुठे पृथ्वीची सावली होती? चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, त्या अर्ध्यातला किती भाग आपल्या बाजूला वळलेला आहे यावर कला ठरते. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात.

दुर्बीण असेल तर ती अष्टमीलाच काढा. उजेड-सावलीच्या रेघेवर तिरपं ऊन पडलेलं असतं, त्यामुळे विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डे खड्ड्यांसारखे दिसतात. पौर्णिमेला तिथे ऊन डोक्यावर असतं, सगळं सपाट दिसतं.

अंतराचा अंदाज घ्यायचा असेल तर तेही इथेच उरकून घ्या. मोठं मोसंबं ही पृथ्वी धरली तर चंद्र बोराएवढा. आता पाहुण्यांना ते बोर मोसंब्यापासून योग्य अंतरावर ठेवायला सांगा. सगळे वीतभर अंतरावर ठेवतात. खरं अंतर पृथ्वीच्या तीस व्यासांएवढं, म्हणजे मोसंब्यापासून साधारण सव्वादोन मीटर. खोलीच्या या टोकाला मोसंबं, त्या टोकाला बोर.

समुद्राजवळ राहत असाल तर

कोकण किनाऱ्यावरच्यांना चंद्राचं घड्याळ आकाशात न बघताही कळतं. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला बाराच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, कारण चंद्र तेवढा पुढे गेलेला असतो आणि त्याला गाठायला पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागतं.

दिवसात दोनदा भरती का, हा प्रश्न सगळे विचारतात. चंद्राच्या बाजूचं पाणी त्याच्या जवळ, म्हणून ते पृथ्वीपेक्षा जास्त ओढलं जातं. पलीकडचं पाणी लांब, म्हणून ते पृथ्वीपेक्षा कमी ओढलं जातं आणि मागे राहतं. दोन्ही बाजूंना फुगवटा, आणि पृथ्वी त्या दोन फुगवट्यांखालून फिरते. सूर्यही ओढतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडं कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण, म्हणजे मोठी भरती. अष्टमीला दोघं काटकोनात, तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे इशारे मुंबईत येतात, त्या तारखा तिथीशी ताडून बघा. बहुतेक वेळा अमावास्या किंवा पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असते.

हा हिशेब पाठ असूनही मी एकदा फसलो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला, असं गणित मांडून बरोबर बाराला किनाऱ्यावर हजर. ओहोटी होती, पण पाणी गुडघ्याच्या वर. भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही हे लक्षात होतं, ते फार उतरतही नाही हे विसरलो. चालत जायचं तर पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरा. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास, आणि तीही खोल. तरी निघण्याआधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचाराच, आणि पाणी फिरायच्या आत परत या. पाऊणकीचा हिशेब हा अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे.

चौथी पायरी : त्रिपुरी पौर्णिमा

पौर्णिमेला सूर्य मावळायच्या सुमाराला पूर्वेला तोंड करून उभे राहा. पाठीमागे सूर्य बुडतोय, समोर चंद्र उगवतोय, मध्ये तुम्ही. तिघं एका रेषेत असल्याचं अंगावर जाणवतं.

उगवता चंद्र प्रचंड मोठा वाटतो. काडीच्या टोकाला तुरीचा एक दाणा चिकटवा, हात लांब करा, एक डोळा मिटा आणि त्या दाण्याने चंद्र झाकून बघा. रात्री दहाला चंद्र वर आल्यावर पुन्हा करा. तोच दाणा, तेवढाच चंद्र. मोठेपणा आपल्या मनाचा. ‘सुपरमून’च्या बातम्यांचंही असंच, आकारात खरा फरक पडतो तो लांबच्या पौर्णिमेपेक्षा बारा-चौदा टक्के, पण शेजारी तुलनेला दुसरा चंद्र नसल्यामुळे साध्या डोळ्याला तो कळत नाही.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. हे दोन मार्ग जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमा त्यांच्याजवळ घडली तर चंद्रग्रहण, अमावास्या घडली तर सूर्यग्रहण. 7 सप्टेंबर 2025 च्या भाद्रपद पौर्णिमेला तसं झालं आणि रात्री अकरापासून जवळजवळ दीड तास चंद्र तांबडालाल होता. राहू-केतूही स्थिर नाहीत, 18.6 वर्षांत ते उलटा फेरा पूर्ण करतात.

त्रिपुरीला आणखी एक टिपायचं आहे, आणि हे विसरू नका : चंद्राच्या आसपास ताऱ्यांचा एक बारीक पुंजका असेल. चंद्राच्या झगमगाटात तो नीट दिसणार नाही, अंगठ्याने चंद्र झाकून बघा. त्या कृत्तिका. कार्तिक हे नाव त्यांच्यावरूनच आलं.

पाचवी पायरी : संकष्टीचं गणित

वद्य चतुर्थीला चंद्र बघण्यासाठी महाराष्ट्रात जितकी माणसं गच्चीवर येतात तितकी एरवी कधीच येत नसतील. चंद्रोदय रोज सरासरी 50 मिनिटांनी लांबतो, म्हणून पौर्णिमेला संध्याकाळी उगवलेला चंद्र चार दिवसांत साडेआठ-नऊपर्यंत जातो आणि उपाशी पोटं घड्याळाकडे बघत बसतात.

छापलेली वेळ तुमच्या गावाची आहे ना, हे आधी बघा. पुण्यात चंद्र मुंबईपेक्षा चारेक मिनिटं आधी उगवतो, नागपुरात पंचवीसेक मिनिटं आधी. शिवाय ती वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. समोर एक मूठ उंचीची इमारत किंवा डोंगर असेल तर 40-45 मिनिटं जास्त धरा आणि साबुदाणा त्या हिशेबाने भिजवा. परदेशात राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथी बदलण्याचा क्षण सगळ्या पृथ्वीवर एकच असतो, पण तिकडे तेव्हा घड्याळात वेगळीच वेळ असते. म्हणून न्यू जर्सीतली संकष्टी कधी कधी इथल्यापेक्षा एक दिवस आधी येते. आईच्या कॅलेंडरवरून तिकडे उपास धरू नये.

या दिवसांत वहीचं घड्याळ उलटं करा : संध्याकाळचे साडेसहा सोडा, सकाळचे साडेसहा धरा. वद्य प्रतिपदेला चंद्र पश्चिमेला मावळतीकडे असेल, वद्य अष्टमीला दक्षिणेकडे उंच अर्धा (कार्तिकात मघेच्या ताऱ्याजवळ), आणि चतुर्दशीला पूर्वेला पुन्हा बारीक कोर, या वेळी फुगीर बाजू खाली, उगवत्या सूर्याकडे.

ससा नेहमी दिसतो तो का

एव्हाना लक्षात आलं असेल की चंद्राचा आकार बदलला तरी त्यावरचे डाग तेच राहतात. चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही असं यावरून वाटतं. खोलीच्या मध्यभागी स्टूल ठेवा आणि स्टुलाकडे तोंड ठेवून त्याभोवती एक फेरी मारा. फेरी संपेपर्यंत तुम्हाला चारही भिंती समोर दिसून गेलेल्या असतील, म्हणजे तुम्ही स्वतःभोवती एकदा फिरलात. चंद्र तेच करतो. तो किंचित डुलतो, त्यामुळे महिने-महिने बघत राहिलं तर निम्म्याऐवजी 59 टक्के पृष्ठभाग दिसतो. पलीकडची बाजू काळोखी नसते, तिथेही ऊन पडतं. फक्त आपल्याला ती दिसत नाही.

चंद्रावरचा दिवस म्हणून आपल्या चौदाएक दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. चंद्रयान-3 23 ऑगस्ट 2023 ला उतरलं ती निज (अधिक महिन्यानंतरच्या नेहमीच्या) श्रावणातली शुद्ध सप्तमी होती. उतरायच्या जागी नुकतंच उजाडलं होतं. सौरऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रांना पुढचा पंधरवडा उजेड मिळावा म्हणून ही वेळ गाठलेली.

शेवटची पायरी : पुन्हा कृत्तिका

त्रिपुरी पौर्णिमेपासून 27 दिवस मोजा. मार्गशीर्षातली शुद्ध द्वादशी-त्रयोदशी आली असेल. रात्री बाहेर जा आणि चंद्र शोधा. तो पुन्हा कृत्तिकांपाशी असेल. पृथ्वीभोवतीची त्याची फेरी पूर्ण झाली, 27.3 दिवसांत. नक्षत्रं सत्तावीस आहेत ती यामुळेच, रोजचं एक घर.

पण चंद्र अजून गोल झालेला नाही! पौर्णिमेला दोनेक दिवस बाकी आहेत. फेरी पुरी झाली तरी महिना पुरा का नाही? कारण या सत्तावीस दिवसांत पृथ्वीही सूर्याभोवती पुढे गेली, आणि सूर्य ताऱ्यांमध्ये मागच्या महिन्याच्या जागी राहिला नाही. चंद्राला सूर्याच्या बरोबर समोर यायला आणखी थोडं चालावं लागतं, म्हणून पौर्णिमा ते पौर्णिमा 29.5 दिवस. असे बारा महिने म्हणजे 354 दिवस, वर्षाला अकरा कमी, आणि ती तूट साठत गेली की अधिक महिना. 2026 मध्ये ज्येष्ठ दोनदा येतो तो असा.

हे सगळं कागदावर वाचून मला कधीच लक्षात राहिलं नव्हतं. दोन रात्री थांबा, दत्तजयंतीला देवळातून परतताना मान वर करा. चंद्र पूर्ण गोल असेल, पण कृत्तिका मागे पडलेल्या, रोहिणीचा लालसर तारा ओलांडलेला किंवा ओलांडण्याच्या बेतात, आणि चंद्र मृगाच्या घराकडे. महिन्याचं नाव काय, तर मार्गशीर्ष. मृगशीर्षावरूनच ते.